पोटाच्या डायलिसिसचे शिक्षण : डॉक्टर व परिचारिका यांच्यासाठी

महाराष्ट्रात नोंदणी झालेल्या डॉक्टरला दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना ३० तासांच्या निरंतर वैद्यकीय शिक्षणाचा दाखला हजर करावा लागतो, आणि हा दाखला मिळविण्याचे मार्ग आता इतके सुलभ झाले आहेत की, एखाद्या रविवारी सकाळी परिषदेच्या दालनात नाव नोंदवून, चार व्याख्याने ऐकून आणि भोजनोत्तर सत्रात किंचित डुलकी घेऊनही मनुष्य संध्याकाळी अधिकृतपणे अधिक सुशिक्षित होऊन घरी परतू शकतो. या व्यवस्थेची टवाळी करावी असा हेतू नाही. रक्तदाब किंवा मधुमेह यांसारख्या विषयांत वक्त्याने सांगितलेले नवे औषध दुसऱ्याच दिवशी चिठ्ठीवर उतरू शकते, आणि तेवढ्याने श्रवणाचे सार्थक झाले असे मानण्यास हरकत नसते. परंतु पेरिटोनियल डायलिसिस, म्हणजे आपले रुग्ण ज्याला सरळ ‘पोटाचे डायलिसिस’ म्हणतात तो उपचार, या चाकोरीत बसत नाही. कारण तो उपचार डॉक्टर करीतच नाही.

तो रुग्ण करतो, किंवा त्याची पत्नी, सून, मुलगा करतो. मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाच्या पोटात एक मऊ नळी कायमची बसविलेली असते. तिच्यावाटे दोन लिटर द्रव आत सोडावयाचा, तो चार-सहा तास राहू द्यावयाचा, आतड्यांवरील पातळ आवरणातून रक्तातील युरिया, क्रिएटिनिन आणि जादा पाणी त्यात उतरले की तो बाहेर काढून नवी बॅग जोडावयाची, आणि हे दिवसातून तीन किंवा चार वेळा, वर्षानुवर्षे, घरच्या खोलीत करीत राहावयाचे, असा हा क्रम आहे. वर्षाकाठी हजारांहून अधिक वेळा ही नळी उघडली व मिटली जाते, आणि त्यांपैकी एकाही प्रसंगी आपल्यापैकी कोणी तेथे उभे नसते. आपला हात त्या खोलीपर्यंत पोहोचतो तो केवळ शिकवण्याच्या रूपाने. म्हणून या शाखेत डॉक्टरचे आणि परिचारिकेचे स्वतःचे शिक्षण किती झाले, याचे खरे मोजमाप त्यांच्या रुग्णांच्या पोटात किती वेळा जंतू शिरले यावरूनच करावे लागते; दाखल्यावरील तासांवरून ते होत नाही. पुढील सूचना या एका विचाराच्या अनुरोधाने केलेल्या आहेत.

या उपचाराचा पूर्वेतिहास थोडा पाहिला तर वरील विधान अतिशयोक्तीचे वाटणार नाही. १९२३ साली जर्मनीतील वुर्झबर्ग येथे गेओर्ग गांटर यांनी मनुष्याच्या पोटात द्रव सोडून रक्तशुद्धीचा पहिला प्रयत्न केला; १९६८ साली सिअ‍ॅटल येथे हेन्री टेंकॉफ यांनी दोन कफांची मऊ नळी सिद्ध केली, जी किरकोळ फेरफार होऊन आजही आपण वापरतो; आणि १९७६ साली टेक्सासमधील ऑस्टिन येथे पोपोविच नावाचा अभियंता व मॉन्क्रीफ नावाचा डॉक्टर यांनी दिवसभर द्रव पोटात बाळगण्याची ती पद्धती मांडली, जिला आपण सीएपीडी म्हणतो. लवकरच टोरांटोच्या ओरिओपूलोस यांनी काचेच्या बाटल्यांच्या जागी प्लास्टिकच्या पिशव्या आणल्या. तरीही जंतुसंसर्गाने, म्हणजे पेरिटोनायटिसने, या पद्धतीला इतके जेरीस आणले होते की अनेक जाणत्या डॉक्टरांनी तिचा नाद सोडला होता. तिला खरा टेकू मिळाला तो इटलीतील पेरुजा येथील बुओन्क्रिस्तियानी यांच्या वाय आकाराच्या नळीने. त्यात युक्ती एवढीच की, जोडणी आधी करावयाची, जोडताना शिरलेले जंतू थोड्या द्रवाने टाकाऊ पिशवीत धुऊन काढावयाचे आणि मग पोटात नवा द्रव भरावयाचा. कोणतेही नवे प्रतिजैविक सापडले नव्हते; कृतींचा अनुक्रम तेवढा बदलला आणि संसर्गाचे प्रमाण झपाट्याने उतरले.

भारतात सीएपीडीचा आरंभ १९९१ साली झाला. २०१६ पासून प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांतून रक्ताचे डायलिसिस मिळू लागले आणि २०१९ साली त्याच कार्यक्रमात पोटाच्या डायलिसिसची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र शासनाने प्रसृत केली. याचा व्यावहारिक अर्थ असा की, ज्यांनी पदव्युत्तर शिक्षणाच्या काळात हा उपचार प्रत्यक्ष हाताळलेला नाही अशा डॉक्टरांपुढे आणि परिचारिकांपुढे, जिल्ह्याच्या व तालुक्याच्या ठिकाणी, हे रुग्ण येणार आहेत व येत आहेत. पुढील मजकूर मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. मोठ्या शहरांतील तज्ज्ञांनी तो वाचून मान डोलावली तरी पुरे.

आरंभ करावयाचा तो आपल्याच दप्तरापासून. ‘आपल्याकडे पेरिटोनायटिस फारसा होत नाही’ हे वाक्य जितक्या आत्मविश्वासाने उच्चारले जाते तितकेच ते बहुधा मोघम असते, कारण ते स्मरणावर अवलंबून असते आणि बरे झालेले रुग्ण स्मरणात राहतात, दुसरीकडे निघून गेलेले राहत नाहीत. आंतरराष्ट्रीय पेरिटोनियल डायलिसिस संस्थेने २०२२ साली सुधारलेल्या शिफारशींत असे म्हटले आहे की, कोणत्याही केंद्रातील संसर्गाचे प्रमाण दर रुग्णवर्षाला ०.४० प्रसंगांहून अधिक असू नये. हा हिशेब करण्यास संगणकाचीही गरज नाही. समजा एखाद्या केंद्रात वर्षभरात २० रुग्ण होते. त्यांपैकी काही मध्येच आले, एकाचे प्रत्यारोपण झाले, दोघे दगावले, आणि सर्वांचे महिने मिळून १८० भरले, म्हणजे १५ रुग्णवर्षे झाली. त्या अवधीत संसर्गाचे ९ प्रसंग घडले असतील तर प्रमाण ०.६० निघते, शिफारशीप्रमाणे ते ६ प्रसंगांवर थांबावयास हवे होते. जुन्या पद्धतीने बोलावयाचे तर वीस महिन्यांत एक प्रसंग घडतो, तो निदान तीस महिन्यांत एक असावयास हवा.

हा एक आकडा मिळाला की खरे शिक्षण सुरू होते, कारण तो आकडा फोडून पाहता येतो. नऊही प्रसंग तीन-चार रुग्णांच्याच वाट्याला आले असतील तर प्रश्न त्या घरांचा आहे; ते सर्वांत विखुरलेले असतील तर प्रश्न आपल्या शिकवण्याचा आहे. त्वचेवरील साधे स्टॅफिलोकोकस वारंवार आढळत असतील तर जोडणीच्या वेळी हात लागतो आहे असे समजावे. स्टॅफिलोकोकस ऑरिअस आढळला तर नळी बाहेर पडते त्या जागेकडे, म्हणजे एक्झिट साइटकडे, आणि रुग्णाच्या नाकाकडे पाहावे. आतड्यांतील ग्रॅम-निगेटिव्ह जंतू आढळले तर बद्धकोष्ठ, जुलाब आणि शौचानंतरचे हात धुणे यांची चौकशी करावी. प्रसंगांच्या तारखा महिनावार मांडाव्यात, म्हणजे उकाड्यात व पावसाळ्यात ते साचतात काय हे दिसेल. आणि रुग्णाला कोणत्या परिचारिकेने शिकविले होते तेही समोर लिहावे. मात्र ही शेवटची नोंद कोणाला जबाबदार धरण्यासाठी वापरली गेली, की पुढच्या महिन्यापासून सगळ्याच नोंदी सौम्य होऊ लागतात, हे अधिकारपदावरील व्यक्तींनी पक्के लक्षात ठेवावे.

संसर्गाच्या नोंदीत एक रकाना असा असतो की ज्याकडे पाहून केंद्राची योग्यता तत्काळ कळते, आणि तो म्हणजे ‘कल्चर निगेटिव्ह’. संसर्ग स्पष्ट आहे, पाणी गढूळ आहे, पेशी वाढल्या आहेत, परंतु जंतू मात्र उगवला नाही, अशा प्रसंगांचे प्रमाण १५ टक्क्यांच्या आत असावे अशी अपेक्षा आहे. आपल्याकडे ते याहून बरेच अधिक असलेली केंद्रे विरळा नाहीत. याचे कारण शोधण्यासाठी नमुन्याचा प्रवास डोळ्यांसमोर आणावा. सकाळी सातला रुग्णाला बॅग गढूळ दिसते; ती कापडी पिशवीत घालून तो एसटीने तालुक्याहून जिल्ह्याच्या गावी येतो; तत्पूर्वी गावातल्या डॉक्टरांनी सद्भावनेने एक इंजेक्शन टोचलेले असते; रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागाचा कागद निघेपर्यंत दुपारचे बारा वाजतात; कोणी शिकाऊ डॉक्टर बॅगेतील चमचाभर पाणी लघवी तपासण्याच्या डबीत ओततो, आणि ती डबी प्रयोगशाळेच्या खिडकीत जेवणाची सुट्टी संपेपर्यंत पडून राहते. या वाटेने गेलेल्या नमुन्यातून जंतू न उगवणे यात नवल नाही.

योग्य कृती पुढीलप्रमाणे. बॅग उलटसुलट हलवून, जेथून द्रव काढावयाचा ते तोंड निर्जंतुक करून, सिरिंजने द्रव काढावा आणि रक्ताच्या कल्चरसाठी असलेल्या दोन बाटल्यांत प्रत्येकी ५ ते १० मिलिलिटर तेथेच, खाटेपाशी, टोचावा. बाटल्या सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचाव्यात. विलंब अटळ असेल तर त्या ३७ अंश सेल्सिअसला ठेवाव्यात, शीतकपाटात नव्हे. ज्या ठिकाणी अशा बाटल्या मिळत नाहीत तेथे ५० मिलिलिटर द्रव सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाशी बसलेला गाळ कल्चरला लावल्यास जंतू सापडण्याची शक्यता पुष्कळ वाढते. पेशी मोजण्यासाठी वेगळा नमुना द्यावा, आणि तो द्रव पोटात निदान दोन तास राहिलेला असावा. दर मायक्रोलिटरला १०० हून अधिक पांढऱ्या पेशी आणि त्यांत निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल, पोटदुखी किंवा गढूळ पाणी, आणि कल्चरमध्ये जंतू, या तीन गोष्टींपैकी कोणत्याही दोन असल्या की निदान ठरले. या सर्व सूचना प्रयोगशाळेतील तंत्रज्ञास प्रत्यक्ष भेटून, त्याच्या टेबलापाशी उभे राहून द्याव्यात. परिपत्रक काढून हे काम होत नाही. पेरिटोनियल डायलिसिसवरील किती शिक्षणवर्गांना प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञाला निमंत्रण असते, हा प्रश्न आयोजकांनी स्वतःस विचारून पाहण्याजोगा आहे.

नमुना घेतला की औषध तत्काळ सुरू करावे. अहवालाची वाट पाहू नये. पश्चिम ऑस्ट्रेलियातील एका पाहणीत असे दिसून आले की, रुग्ण दारात आल्यापासून प्रतिजैविक मिळेपर्यंतचा प्रत्येक तास उपचारपद्धती सोडावी लागण्याचा व मृत्यूचा धोका वाढवीत जातो. औषध पोटातील द्रवातूनच देणे श्रेयस्कर. ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतूंसाठी पहिल्या पिढीचे सेफॅलोस्पोरिन किंवा व्हँकोमायसिन, आणि ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंसाठी तिसऱ्या पिढीचे सेफॅलोस्पोरिन किंवा अमिनोग्लायकोसाइड, अशी जोडी निवडावी. ती निवड आपल्या केंद्रातील मागील दोन-तीन वर्षांच्या जंतूंकडे पाहून करावी, म्हणजे पुन्हा दप्तराकडेच यावे लागते. दिवसातून एकदाच औषध द्यावयाचे असेल तर ते घातलेला द्रव पोटात निदान सहा तास राहू द्यावा. व्हँकोमायसिन आणि सेफ्टाझिडिम एका बॅगेत चालतात, परंतु एका सिरिंजमध्ये चालत नाहीत, ही बारीकशी गोष्ट रात्रपाळीच्या परिचारिकेला ठाऊक असणे हे सकाळच्या फेरीत प्राध्यापकांना ठाऊक असण्यापेक्षा अधिक अगत्याचे आहे.

प्रतिजैविक सुरू असेतोवर बुरशीला प्रतिबंध करण्यासाठी निस्टॅटिन किंवा फ्लुकोनॅझोल द्यावे. तीन दिवसांनंतरही कल्चरमध्ये काही उगवले नाही तर पेशी पुन्हा मोजाव्यात आणि, आपल्या देशात तर विशेषेकरून, क्षयाचा व त्याच्या भाऊबंद जंतूंचा संशय घ्यावा. योग्य औषधाने पाच दिवसांत पाणी स्वच्छ होऊ लागले नाही तर नळी काढण्याचा विचार गंभीरपणे करावा, आणि बुरशी आढळली तर नळी विनाविलंब काढावी. नळी वाचविण्याच्या मोहापायी उदरावरण कायमचे गमावलेले, आणि क्वचित रुग्णही गमावलेले, असे प्रसंग या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचे आहेत. उलट प्रत्येक गढूळ पाणी संसर्गाचे नसते हेही शिकवावे: काही रक्तदाबाच्या गोळ्यांनी ते दुधाळ होते, आणि स्त्रियांना मासिक पाळीच्या सुमारास ते तांबूस येऊ शकते. हे आधी सांगून ठेवले नाही तर घाबरलेले कुटुंब रात्री दोन वाजता गाडी करून निघते.

आता परिचारिकेकडे वळू. वस्तुतः तिच्यापासूनच आरंभ करावयास हवा होता. पोटाच्या डायलिसिसच्या केंद्रात डॉक्टर बदलला तर महिन्याभरात घडी बसते. शिकविणारी परिचारिका बदलली तर वर्ष जाते. असे असूनही शासकीय रुग्णालयांत कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचा शिरस्ता असा आहे की, तीन वर्षे खपून तयार झालेली परिचारिका एका सकाळी शस्त्रक्रियागृहात रुजू होण्याचा हुकूम घेऊन येते. अधीक्षकांनी या एका पदाला बदलीतून सवलत द्यावी, ते न साधल्यास निदान दोघींना समांतर तयार करावे. शिक्षणावर खर्च करण्यासाठी ज्यांच्याजवळ थोडीच रक्कम आहे त्यांनी ती डॉक्टरच्या परिषदप्रवासाऐवजी परिचारिकेला चालत्या केंद्रात महिनाभर बसविण्यावर खर्च करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या परिचारिकेने शिकावयाचे ते द्रवाचे रसायनशास्त्र नव्हे. ते तिला दोन दिवसांत येते. तिने शिकावयाचे ते प्रौढ माणसाला शिकविणे. एका वेळी एकच रुग्ण, एका बैठकीत एकच कृती, आणि ती कृती रुग्णाने स्वतः करून दाखविल्याखेरीज पुढे जावयाचे नाही, हा नियम ठेवावा. अक्षरओळख नसलेली सासू अनेकदा पदवीधर मुलापेक्षा उत्तम शिकते, कारण ती मधली पायरी गाळून शहाणपणा दाखवीत नाही. तिला चित्रे द्यावीत, पायऱ्यांची नावे तिच्याच बोलीत ठेवावीत आणि त्या मोठ्याने म्हणत हात चालवावयास लावावे. ‘समजले का?’ हा प्रश्न विचारू नये. आपल्या समाजात डॉक्टरसमोर किंवा सिस्टरसमोर ‘नाही समजले’ असे म्हणणारा मनुष्य विरळा. ‘पाणी गढूळ आले तर तुम्ही काय कराल ते मला सांगा बघू’ असे विचारावे आणि उत्तर संपेपर्यंत मधे बोलू नये.

घरभेट हा या शिक्षणाचा सर्वांत उपेक्षित आणि सर्वांत फलदायी भाग आहे. केंद्रातील चकचकीत टेबलावर निर्दोष बॅग बदलणारा रुग्ण घरी काय करतो हे घरी गेल्याशिवाय कळत नाही. एका खोलीच्या बिऱ्हाडात तो खाटेच्या कडेला बसतो. डोक्यावरचा पंखा उकाड्यामुळे चालूच असतो आणि त्याच्या पात्यांवरची धूळ थेट जोडणीवर उतरते. हात साबणाने धुतलेले असतात, परंतु पुसलेले असतात ते खांद्यावरच्या टॉवेलला. मुखपट्टी नाकाखाली घसरलेली असते. मधेच मोबाइल वाजतो, तो उचलला जातो, ठेवला जातो, आणि त्याच बोटांनी नळीचे टोपण काढले जाते. बॅग कोमट करण्यासाठी ती गरम पाण्याच्या बादलीत बुडविलेली असेल तर तिच्या तोंडाशी पाणी साचून राहते, आणि त्या पाण्यात जंतू असतात. कोरडी ऊब द्यावी. हे सारे परिचारिकेने पाहावे, परंतु पाहता पाहता टोकू नये. पूर्ण बॅग बदलून होऊ द्यावी, मग चहा घ्यावा आणि मग एकच दोष, सर्वांत मोठा असेल तो, दाखवून द्यावा. पाच दोष एकदम सांगितले तर पाचही राहतात.

एकदा शिकविले की रुग्ण जन्मभर शिकला, ही समजूत टाकून द्यावी लागते. दरेक संसर्गानंतर, दीर्घ रुग्णालयवासानंतर, बॅगेची बनावट किंवा पुरवठादार बदलल्यानंतर, दृष्टी मंदावली वा हात थरथरू लागले असता, आणि काळजी घेणारी व्यक्ती बदलल्यानंतर फेरशिक्षण द्यावे. शेवटचे कारण आपल्याकडे विशेष लक्ष देण्याजोगे आहे: सून बाळंतपणास माहेरी गेली, मुलाला दुसऱ्या गावी नोकरी लागली, आणि बॅग बदलण्याचे काम दहावीतल्या नातवाकडे आले, ही बातमी केंद्रापर्यंत येते ती बहुधा संसर्गाबरोबरच. म्हणून प्रत्येक तपासणीच्या दिवशी ‘सध्या बॅग कोण बदलते?’ हे विचारण्याचा व लिहून ठेवण्याचा परिपाठ असावा.

शल्यचिकित्सकाच्या वाट्याचे शिक्षण थोडक्यात सांगता येईल. नळी बसविण्याची शस्त्रक्रिया लहान आहे म्हणून ती यादीच्या शेवटी, कनिष्ठ सहकाऱ्याच्या हाती सोपविण्याची प्रथा मोडावी. मध्यरेषेच्या बाजूने जाऊन खोल कफ स्नायूत बसवावा, नळीचे बाहेरील तोंड खाली किंवा बाजूस वळलेले असावे, आणि वरचा कफ त्या तोंडापासून निदान दोन सेंटिमीटर आत असावा. तोंडाची जागा शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला उभे करून व बसवून, त्याच्या नेहमीच्या कपड्यांत, शाईने आखून ठेवावी: साडीच्या निऱ्या जेथे खोचल्या जातात, धोतराची गाठ जेथे येते, पायजम्याची नाडी जेथे आवळली जाते, त्या रेषेवर ती पडू नये. शस्त्रक्रियागृहात आडवा झोपलेला, हिरव्या कापडाने झाकलेला मनुष्य साडी नेसतो की पायजमा घालतो हे सांगू शकत नाही. त्या जागेवर हळद, खोबरेल किंवा अंगारा लावू नये हे कुटुंबाला न रागावता सांगावे, आणि मुपिरोसिनचे मलम रोज लावण्यास शिकवावे. द्रव नीट बाहेर येत नसेल तर नळी सरकली असे समजून धावाधाव करण्यापूर्वी रुग्णाचे पोट साफ होते का ते विचारावे. पुष्कळदा रेचकाच्या एका मात्रेने जे साधते त्यासाठी शस्त्रक्रियेची तयारी झालेली असते.

औषधयोजनेच्या बाबतीत जुने पाठ थोडे विसरावे लागतील. केटी बाय व्ही नावाचा शुद्धीकरणाचा एक आकडा गाठला की डायलिसिस पुरेसे झाले, असे एका पिढीला शिकविले गेले. मेक्सिकोत ९६५ रुग्णांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अडेमेक्स चाचणीत मात्र द्रवाचे प्रमाण वाढवून तो आकडा चढविल्याने आयुष्य वाढत नाही असे आढळले, आणि आंतरराष्ट्रीय पेरिटोनियल डायलिसिस संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनी रुग्णाची प्रकृती, अंगावरील सूज, भूक, उरलेली लघवी आणि त्याला स्वतःला आयुष्यात काय करावयाचे आहे, या सर्वांचा मेळ घालण्यास सांगितले. ज्याची लघवी अद्याप बरी होते त्याला आरंभी दोन किंवा तीन बॅगा पुरतात. त्याच्यावर चौथी लादणे म्हणजे त्याचा खर्च व कंटाळा दोन्ही वाढविणे होय. ती उरलेली लघवी जपणे ही मोठी जबाबदारी आहे, आणि तिचा सर्वांत नित्याचा शत्रू म्हणजे गुडघेदुखीसाठी औषधाच्या दुकानातून परस्पर घेतलेली वेदनाशामक गोळी. सूज आली की ४.२५ टक्क्यांची तीव्र साखरेची बॅग लिहून देण्यापूर्वी लोणचे, पापड आणि फरसाण यांची कैफियत ऐकून घ्यावी.

आहाराविषयी एक चूक इतकी सार्वत्रिक आहे की तिचा वेगळा उल्लेख करणे भाग आहे. रक्ताच्या डायलिसिसच्या रुग्णाला केळे, नारळपाणी व फळांचे रस यांची सक्त मनाई असते. तोच छापील तक्ता पोटाच्या डायलिसिसच्या रुग्णाच्या हाती दिला जातो. परंतु याचे पोटॅशियम रोजच बाहेर जात असते, पुष्कळांत ते अवाजवी उतरते, आणि उतरलेल्या पोटॅशियमचा संसर्गाशी संबंध असल्याचे आता सर्वमान्य आहे. रक्तातील पातळी पाहून अशा रुग्णाला फळे खाऊ द्यावीत. द्रवातून प्रथिने वाया जातात म्हणून डाळ, अंडी, मासे यांचा हात आखडू नये. आणखी एक धोका मधुमेहींचा. रात्रभरासाठी जो आयकोडेक्स्ट्रिनचा द्रव वापरला जातो त्यापासून बनणारी माल्टोज काही ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांना साखर वाटते. यंत्र साखर चढलेली दाखविते, घरचे लोक इन्सुलिन वाढवितात आणि रुग्ण बेशुद्ध होतो. कोणती पट्टी वापरावयाची ते केंद्राने तपासून द्यावे, आणि ही सूचना रुग्णाच्या वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहावी, कारण अपघात विभागातील डॉक्टरला ती तोंडी कोणी सांगणार नाही.

महिन्यातून एकदा तासभर बैठक भरवावी. तिला डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ, आहारतज्ज्ञ आणि शक्य तर एखादा जुना, बोलका रुग्ण असावा. त्या महिन्यातील प्रत्येक संसर्ग एकेक करून वाचावा: पहिले लक्षण केव्हा, रुग्ण केव्हा आला, औषध केव्हा मिळाले, जंतू कोणता, शेवटचे फेरशिक्षण कधी. ‘निष्काळजीपणा’ हा शब्द कार्यवृत्तात लिहू देऊ नये. तो लिहिला की चौकशी तेथेच संपते. एका बैठकीत एकच बदल ठरवावा, तो कोण करणार त्याचे नाव घालावे आणि पुढच्या बैठकीचा आरंभ त्यापासून करावा. वरच्या अधिकाऱ्यास आकडे दाखविण्यापूर्वी ते एकमेकांस दाखविण्याची सवय लागली पाहिजे. अशा बारा बैठकांना वैद्यक परिषदेने शिक्षणाचे तास मोजून दिले तर फार उत्तम होईल. न दिले तरी त्या भरवाव्यात.

उरतो तो अंतराचा प्रश्न. दिवसाला तीन बॅगा म्हटल्या तरी महिन्याला नव्वद बॅगा लागतात आणि त्यांचे वजन १८० किलोंहून अधिक भरते. कोकणात घाट बंद झाला किंवा गडचिरोलीकडे नदीला पूर आला म्हणजे हा माल अडकतो. पावसाळ्यापूर्वी किमान तीन आठवड्यांचा साठा घरी पोहोचविण्याची तजवीज पुरवठादाराशी मे महिन्यातच करावी, खोकी जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावयास सांगावीत. वीज गेली तरी हा उपचार थांबत नाही, हे त्याचे मोठे बळ आहे. परंतु केंद्राचा दूरध्वनी उचलला गेला नाही तर तो थांबतो. तो रात्री कोणी उचलावयाचा हे पाळीपत्रकात नावानिशी लिहिलेले असावे, आणि उचलणाऱ्याला तीन प्रश्न पाठ असावेत: पाणी कसे दिसते आहे, शेवटची बॅग किती वाजता बदलली, आणि ती बॅग अजून जवळ आहे की मोरीत ओतून टाकली.